राजेळी तोडली ते वर्ष

शालिनीबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांना दिलेल्या कोठारात केळी पिकायला घातलेली होती. पेंढ्याखाली झाकलेले घड, कोपऱ्यात मडक्यातल्या शेणीचा मंद धूर आणि त्या सगळ्यावर पिकत्या केळ्यांचा गोड, जड वास. त्या वासाने त्यांना पहिल्याच दिवशी मळमळलं. त्या उंबऱ्यापाशी बसल्या, पदर नाकाला लावला आणि आयकडे बघून ओशाळं हसल्या. पोटुशी आहेत हे आयने तेव्हाच ओळखलं. तिने बाबांना सांगितलं, "घड माळ्यावर चढवा. ही बाई या वासात राहायची नाय." बाबांनी घड माळ्यावर चढवले, पण वास काही गेला नाही. मातीच्या भिंतींतच तो मुरलेला होता. पुढे शालिनीबाई म्हणायच्या, "नाताल, माझ्या धाकट्याला केळं दाखवलं की तो तोंड फिरवतो. जन्माआधीच खाऊन कंटाळलाय तो." मला घरीदारी सगळे नातालिन म्हणत. नाताल म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

त्या दिवसांत रविवारी मिस्सा सुटून आम्ही घरी येत असू तेव्हा गिरीजच्या रस्त्यावर मुंबईची माणसं हमखास भेटत. नवरा-बायको, एखादं मूल कडेवर, पायांत चपला आणि चपलांवर लाल धूळ. ती हवा खायला आलेली नसत. प्रत्येक वाडीच्या झापाच्या फाटकापाशी थांबून विचारत, "एखादी खोली मिळेल का?" मुंबईत खोलीचं भाडं सरकारने बांधून दिलं होतं म्हणत, पण पागडी कुणी बांधून दिली नव्हती. पागडीशिवाय घरमालक कुलूप काढायला तयार नव्हता. फाळणी नुकती झालेली. आधीच भरलेल्या शहरात आणखी माणसं आलेली. शालिनीबाईंचे यजमान गोविंदराव एका छापखान्यात खिळे जुळवत. एका चाळीत ते पोटभाडेकरू होते. ज्याच्या नावावर खोली होती त्याला कुणीतरी भरभक्कम पागडी देऊ केली आणि एका संध्याकाळी यांचं सामान गॅलरीत आलं. गोविंदराव ही गोष्ट अगदी शांतपणे सांगत, जणू दुसऱ्याच कुणाची सांगताहेत. शालिनीबाई मात्र ती कधीच पुरी सांगत नसत. "आमची शेगडी पेटलेली होती हो," एवढंच म्हणायच्या आणि थांबायच्या.

आमचं घर म्हणजे मंगलोरी कौलांचं, पुढे ओटा, ओट्यासमोर पांढरा क्रूस, मागे विहीर आणि विहिरीवर रहाट. पहाटेपासून रेडा गोल फिरायचा, लोटे पाणी ओतायचे आणि रहाटाचं करकरणं दिवसभर कानांत असायचं. ते थांबलं तरच आम्ही मान वर करून बघायचो. वाडीत केळी, पानवेली, मधल्या पाटांच्या कडेने कांदा आणि भाजी. आय लाल लुगडं नेसून पाटात पाय बुडवून पाणी वळवायची, आणि पाणी वळवता वळवताच घरातल्या साऱ्यांची कामं ठरवायची. आमची घरातली बोली बाहेरच्याला चटकन कळत नाही. इथे मी ती सरळ करून लिहिते आहे, नाहीतर माझी नातवंडंसुद्धा पुस्तक मिटून ठेवतील. शालिनीबाईंना ती सुरुवातीला मुळीच कळायची नाही. आय आणि त्या विहिरीवर तास न् तास बोलायच्या, आणि आत आल्यावर दोघी मला विचारायच्या, "ती काय म्हणत होती ग?" तरीही त्यांचं जमलं. शालिनीबाईंनी आयला आमटी शिकवली, ती आयला पाणचट वाटली. आयने त्यांना राजेळी केळ्यांची सुकेळी करायला शिकवलं. पिकलेली राजेळी सोलायची, चटयांवर उन्हात घालायची, दिवसातून दोनदा उलटायची, माश्यांपासून जपायची, आणि मधासारखा रंग आला की केळीच्या सुक्या सोपात बांधून दाबून ठेवायची. संध्याकाळच्या प्रार्थनेची, आमोरीची घंटा झाली की आमच्या ओट्यावर गुडघे टेकलेले असत आणि कोठाराच्या दारात शालिनीबाईंचं निरांजन लागलेलं असे. आय प्रार्थना संपवून उठताना त्या बाजूला बघायची. वारा असला तर मध्ये सूप आडवं धरायला मला पाठवायची.

शालिनीबाई सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि माझं मराठी त्यांनीच घडवलं. गावातल्या शाळेत सातवीच्या पुढे वर्ग नव्हता. मुलगे वसईला जायचे, पायी नाहीतर सायकलने. मुलींना कुणी पाठवत नसे. पावसात रस्ता बुडायचा, परतायला अंधार व्हायचा, आणि लग्नाच्या वयाची मुलगी रोज एवढं चालते म्हणजे काय, असं बायका विचारायच्या. मला मॅट्रिक व्हायचं होतं. हे मी शालिनीबाईंनाच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग तसं मोठ्याने म्हणायला शीक. मनातल्या मनात कोणी मॅट्रिक झालेलं मी ऐकलं नाही."

धाकटा झाल्यावर गोविंदरावांचे वडीलही येऊन राहिले आणि कोठार अपुरं पडायला लागलं. तळ्यापलीकडे गुरचरणाची मोकळी जमीन होती. तिच्या कडेला त्यांनी कारवीच्या कुडाची झोपडी बांधली. आयला ते आवडलं नाही, पण त्यांनाही आपलं दार हवं होतं. मग त्यांच्या शेजारी आणखी एक झोपडी उभी राहिली, मग आणखी एक. मुंबईतून हुसकलेले कुणी, तर कुणी कामाच्या मागे आलेले. समुद्राच्या बाजूला मुंबईच्या एका शेठने दोन-तीन वाड्या विकत घेतल्या होत्या. तिथे त्याच्या बंगल्याचं बांधकाम चाललं होतं आणि पुढे आणखी बंगले होणार असं ऐकू येत होतं. मुंबईच्या बड्या लोकांना शनिवार-रविवार राहायला. त्या बंगल्याचे गवंडी या झोपड्यांतच राहत. सखाराम त्यांचा मुकादम. घाटावरचा, उंच, कमी बोलणारा. दिवसभर शेठच्या बंगल्यावर शहाबादी फरशा बसवून तो संध्याकाळी घरी यायचा आणि झोपडीसमोर मातीचा ओटा सारवत बसलेला दिसायचा. पाचूबंदरची मासेवाली आयला म्हणाली होती, "बाय, तुमच्या गावात आता पानी भरायला रांग लागते." रांग आमच्याच विहिरीवर लागायची. शेजारच्या वाड्यांतले लोक कुरकुरायला लागले होते, की आज पाणी, उद्या शेणी, परवा केळी. एखादा घड खरंच गेला की सगळ्यांची बोटं तळ्याकडे वळत. कधी चोर तिकडचा असे, कधी आमच्यातलाच निघे. पण बोट वळायचं ते तळ्याकडेच.

बाबा पंचायतीत पंच होते. मोठे पुढारी वगैरे काही नव्हते. भांडणात दोघांचं ऐकून घेतात, म्हणून लोकांनी त्यांना बसवलं होतं. सरपंच होते इनासकाका, बाबांचे चुलतभाऊ. स्वराज्य आलं तशी पंचायतीला किंमत आली होती. चावडीत नवा फळा लागला, खुर्च्या आल्या, आणि इनासकाका बंद गळ्याचा कोट घालायला लागले. ते वाईट नव्हते. गावात काहीतरी उभं राहावं, आपल्या हातून व्हावं, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. शेठने हे नेमकं ओळखलं. त्याने निरोप पाठवला की गावाला हायस्कूल बांधून देतो. दगडी इमारत, वर कौलं, चार वर्ग, पुढे मैदान. बदल्यात गुरचरणातून त्याच्या बंगल्यांकडे जाणारा रस्ता पंचायतीने काढून द्यावा, आणि रस्त्यात येणारी 'घाण' हलवावी. घाण हा शब्द इनासकाकांनी आमच्या ओट्यावर बसून, चहाची बशी हातात धरून उच्चारला. बाबा म्हणाले, "माणसं आहेत ती, इनास." इनासकाका म्हणाले, "माणसं आहेतच. पण आपल्या पोरांनी काय करायचं? जन्मभर रहाट हाकायचा?" 

शेठ गावात येणार त्या दिवशी चावडीसमोर चिंचेखाली मांडव घातला होता. सातवीत पहिली आले म्हणून हार घालायला मला निवडलं होतं. आयने माझ्या वेणीत अबोली माळली, पण ती स्वतः आली नाही. मांडवात एका बाजूला आमची वाडीवाली माणसं बसली होती, आणि मागे, उन्हात, झोपड्यांतली. शालिनीबाई धाकट्याला घेऊन उभ्या होत्या. शेठ मोटारीतून उतरला. मी मनात राक्षस रंगवला होता. निघाला मऊ बोलणारा, पांढऱ्या टोपीतला, थकलेला म्हातारा. मी हार घातला तसा त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बेटा, पुढे काय शिकणार?"

मी मोठ्याने म्हणाले, "मला मॅट्रिक व्हायचं आहे."

 इतकं स्पष्ट बोललेली मुलगी त्या गावाने बहुधा ऐकली नव्हती. शेठ पंचांकडे वळला. "बघा," तो म्हणाला. "मला वेगळं भाषण करायची गरज नाही. ही तुमचीच मुलगी." मग त्याने विचारलं, "कोणाची?" आणि इनासकाकांनी बाबांकडे बोट केलं.

ठराव वाचला गेला. गुरचरणातल्या झोपड्या पंधरवड्याच्या आत उठवाव्यात, रस्ता द्यावा, शाळेची देणगी स्वीकारावी. तिन्ही गोष्टी एकाच ठरावात होत्या. एक हवी आणि एक नको, असं म्हणायला जागाच ठेवली नव्हती. शालिनीबाईंच्या मागून सखाराम पुढे आला. "सरपंच, एक इचारू का?" तो म्हणाला. "शाळा कोन बांधनार?" इनासकाका म्हणाले, "शेठ बांधणार, सांगितलं ना." सखाराम म्हणाला, "म्हंजे आम्हीच. बांधताना ऱ्हायाचं कुटं?" काही लोक हसले. शेठ हसला नाही. तो आपल्या कारभाऱ्याच्या कानाशी लागला आणि कारभारी म्हणाला, की कामावरच्या माणसांची सोय बघता येईल, पण बायकापोरं, म्हातारी माणसं आणि कामावर नसलेले, त्यांचं काय ते सरकार बघेल. सरकार म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. मग इनासकाकांनी हात वर करायला सांगितलं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी अजून शेठच्या खुर्चीशेजारी उभी होते, हाराचं रिकामं ताट हातात घेऊन. त्यांनी हात वर केला. पुरता नाही, खांद्यापर्यंत. पण मोजणाऱ्याने तो मोजला.

आम्ही घरी आलो तेव्हा आय भाकऱ्या थापत होती. बातमी आमच्या आधी पोहोचली होती. बाबा चुलीजवळ पाटावर बसले आणि आपण होऊनच म्हणाले, "पोरीसाठी केलं." आयने तव्यावरची भाकर उलटली. "पोरीने मागितलं होतं का असं?" बाबा म्हणाले, "तिने मॅट्रिक मागितलं. शाळा दुसरी कुठून येणार होती? सरकार देणार होतं? मी पंच आहे, मला माहीत आहे पंचायतीच्या पेटीत काय असतं ते." आय म्हणाली, "मला नाय माहीत. मला शालिनीचं दुसऱ्यांदा घर उठतंय, एवढं माहीत आहे."  सुक्या बोंबलाची चटणी होती, ती मला फार आवडायची. त्या दिवशी ती तिखट लागली की नाही, हेही मला कळलं नाही.

आज इतक्या वर्षांनी मी बाबांच्या बाजूने विचार करून बघते, तर मला त्यांचा राग धरता येत नाही. गावाला शाळा हवी होती. ती देणारा एकच माणूस होता आणि त्याने किंमत सांगितली होती. ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याने काहीतरी द्यावं आणि मग ते कोणाकडून काढून घ्यायचं हेही त्यानेच ठरवावं, हा व्यवहार मी पुढे आयुष्यात अनेकदा पाहिला. कधी रस्त्याच्या नावाने, कधी उद्यानाच्या, कधी सात मजली इमारतींच्या. प्रत्येक वेळी चावडीत बसलेला कोणीतरी साधा माणूस आपल्या मुलाबाळांकडे बघत हात खांद्यापर्यंत वर करतो. माझा नातू याच वसईत जन्मला, बरी नोकरी करतो, आणि याच वसईत त्याला दोन खोल्या घेता येत नाहीत. तो विरारच्याही पुढे भाड्याने राहतो. अकरा महिने झाले की पुन्हा बोचकी बांधतो. त्याची बायको एकदा म्हणाली, "आजी, पडद्यांची मापं मी आता लिहूनच ठेवत नाही." तेव्हा मला शालिनीबाई आठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर रहाट बंद होता. आय घरात नव्हती. कोयता जागेवर नव्हता. आयच्या माहेरची एक वाडी आमच्या वाडीला लागूनच होती. तिला भाऊ नव्हता, म्हणून ती जमीन वडिलांनी तिच्या नावे करून दिली होती. ओहोळाकाठची ती वाडी तिने सगळी राजेळीची केली होती. सुकेळी व्हायची ती तिथल्याच केळ्यांची. आमच्या वाडीतल्या पिकाचा हिशेब बाबांचा, पण या तुकड्यात ती त्यांना विचारायची नाही आणि तेही पाऊल टाकायचे नाहीत. मी ओहोळ ओलांडून गेले तर आय केळी तोडत होती. घड उतरवत नव्हती, झाडंच बुंध्यापासून पाडत होती. केळीचं खोड कापलं की फारसा आवाज होत नाही. ओलं काहीतरी फाटल्यासारखं होतं, मग पानं एकमेकांना घासत खाली येतात. लुगड्यावर केळीच्या चिकाचे डाग पडले होते. ते डाग कधी जात नाहीत. ती काम करताना जुनंच लुगडं नेसायची, पण त्या दिवशी अंगावर आदल्या दिवशीचंच, घरात नेसायचं चांगलं लुगडं होतं. मी विचारलं, "आय, काय करतेस?" ती म्हणाली, "जागा करते. ती पात बाजूला ओढ."

मी पडलेल्या केळींची पात ओढू लागले. थोड्या वेळाने बाबा आले. ओहोळाच्या पलीकडे उभे राहून त्यांनी आडव्या पडलेल्या केळी पाहिल्या. "घड कोवळे आहेत," ते म्हणाले. "दोन महिने तरी थांबायचं."

आय म्हणाली, "त्यांना दिलेत दोन महिने?"

बाबा मागे फिरले. आय पुन्हा कामाला लागली. मला वाटलं, आता या घरात काहीतरी मोडलं. ती दोघं कधी मोठ्याने भांडत नसत, म्हणून मला भांडणाची सवय नव्हती. मी रडायला लागले तर आय म्हणाली, "रडायचं असेल तर घरी जा. इथे कोयता चालू आहे." ऊन चढलं. आम्ही निम्मी वाडी मोकळी केली असेल, तेव्हा ओहोळापलीकडे गाडीची चाकं वाजली. बाबांनी बैलगाडी जुंपली होती. गाडीत गेल्या वर्षी मांडवासाठी कामणहून आणलेले बांबू होते आणि वर काथ्याच्या दोऱ्यांची भेंडोळी. त्यांनी गाडी सोडली, चपला ओहोळाच्या काठावर काढल्या, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच आयच्या वाडीत पाय ठेवला. पहिला बांबू खड्ड्यात उभा करून त्यांनी तिला विचारलं, "दारं कुठल्या बाजूला पाहिजेत?" आय म्हणाली, "तिला विचारा. ती राहणार आहे." शालिनीबाईंना बोलवायला मला पाठवलं.

शालिनीबाई सरळ आल्या नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. मी धावत जाऊन निरोप दिला तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "काल तुझ्या बाबांनी हात वर केला," त्या म्हणाल्या. "आज जागा देतात. उद्या कोणी सांगितलं तर ही पण काढून घेतील. मुंबईत ज्यांच्या इमारती, इथेही जमिनी त्यांच्याच. आम्ही आपलं पुढे पुढे सरकत राहायचं. वसई झाली, मग सफाळे, मग डहाणू." मी म्हणाले, "जागा बाबांची नाय, आयची आहे." तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. गोविंदराव कामावर गेलेले होते. त्यांची वाट न बघता त्या चालायला लागल्या. वाडीत येऊन आयसमोर उभ्या राहिल्या. दोघींच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. शालिनीबाईंनी वाकून एक दार पूर्वेला दाखवलं आणि म्हणाल्या, "ओहोळाकडे नको. पोर रांगतं आहे."

गुरचरणातली सगळीच माणसं आमच्याकडे आली नाहीत. काही जण नालासोपाऱ्याकडे गेले, काही कुठे गेले ते कळलं नाही. सखारामचं आणि शालिनीबाईंचं बिऱ्हाड धरून जी माणसं आली ती त्या वाडीत मावली. त्या वर्षी आमच्याकडे सुकेळी झाली नाही. नातेवाइकांकडे नाताळला पाठवायचा डबा पहिल्यांदाच रिकामा राहिला. शेजाऱ्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं नाही, पण लग्नाकार्यात आयला भाकऱ्या भाजायला बोलवणं कमी झालं. त्याचं तिला दुःख झालं. ती तसं म्हणाली नाही, पण एरवी लग्नघरची गाणी गुणगुणत काम करायची, ते थांबलं.

मग नंबरांचा प्रश्न आला. मुंबई सोडली तेव्हा त्यांची मुंबईची रेशनकार्डं गेली होती. इथलं कार्ड हवं तर घराला पंचायतीचा नंबर हवा, आणि मतदारांच्या यादीत नाव यायलाही तोच नंबर हवा. नंबर नाही म्हणजे त्या माणसाला साखर नाही, रॉकेल नाही आणि मतही नाही. बाबा इनासकाकांकडे गेले. मी बरोबर होते. इनासकाका म्हणाले, "झोपडीला नंबर दिला की उद्या ते घर म्हणतील." बाबा म्हणाले, "घरच आहे. आत चूल आहे, पाळणा आहे. खासगी जागेत आहे, मालकिणीची हरकत नाय. घरपट्टी लाव." इनासकाका म्हणाले, "पास्कू, तूच ठरावाला हात वर केलास." बाबा म्हणाले, "केला. तो रस्त्याचा ठराव होता. रस्ता झाला. आता हे बघ." इनासकाकांनी सहा महिने टाळाटाळ केली. बाबा प्रत्येक सभेत उठून तेच म्हणत. आपणहून घरपट्टी लावा म्हणून मागे लागणारा पंच त्या चावडीने पूर्वी पाहिला नव्हता. लोक हसायचे. शेवटी कंटाळून म्हणा, शरमून म्हणा, नंबर मिळाले. डांबराचा डबा आणि काथ्याचा कुंचला घेऊन बाबा स्वतः गेले आणि प्रत्येक दाराच्या चौकटीवर आकडे काढले. गोविंदराव शेजारी उभे राहून अक्षरांकडे बघत होते. "आठ जरा वाकडा आला," ते म्हणाले. आयुष्यभर खिळे जुळवलेला माणूस. बाबांनी तो पुसून पुन्हा काढला.

दरम्यान शाळा उभी राहिली. भिंती सखारामच्याच माणसांनी बांधल्या. मी तिथे शिकले, मॅट्रिक झाले, पुढे तिथेच मास्तरीण झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. कित्येक वर्षं माझ्या वर्गात पुढच्या बाकावर बंगल्यांच्या माळ्यांची मुलं असत आणि आयच्या वाडीतलीही. मुलांना यातलं काही माहीत नसे.

पुन्हा निवडणूक आली तेव्हा बाबा उभे राहणार हे गृहीतच होतं. एका संध्याकाळी सखाराम ओट्यावर आला. आयने त्याला चहा दिला. त्याने चहा संपवला. मग म्हणाला, "पास्कूभाऊ, आमी एक मानूस उभा करतोय."

"कोण?"

"मीच."

बाबा म्हणाले, "माझ्यासमोर?"

"तुमच्यासमोर. आमच्या मनात काई वाकडं न्हाई. वैनींनी जागा दिली, तुमी नंबर दिला, ते इसरनार न्हाई. पन त्या दिशी चावडीत आमी मागं उनात हुतो आन् तुमी फुडं हात वर केला. परत कुनी शेठ आला तर आत बसलेला आमचा पाहिजे." तो थांबला. "तुमी रागावला तरी सांगून जावं म्हून आलो."

बाबांनी त्याची रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "रागावलो नाय. नाव द्यायची तारीख चुकवू नको." तरी त्यांनी आपलं नाव मागे घेतलं नाही. लढतीशिवाय आलेल्या माणसाला चावडीत कोणी विचारत नाही, असं ते मला म्हणाले. ते घरोघर हिंडले, लोकांना भेटले, आयच्या वाडीत मात्र गेले नाहीत.

मतदानाच्या दिवशी त्या वाडीतली सगळी माणसं एकत्र आली. गोविंदरावांचे वडील पाठीत वाकलेले, त्यांना खुर्चीवर बसवून आणलं. शालिनीबाईंनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसल्या, आणि रांगेत आयच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दुपारनंतर पेट्या उघडल्या. सखाराम निवडून आला. फरक थोडा होता. इतका थोडा, की बाबांच्या ओळखीचे लोक घरी येऊन, कोणी दगा दिला असेल याचे अंदाज सांगत बसले. बाबांनी त्यांना पानसुपारी दिली आणि लवकर वाटेला लावलं.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आयने कोलंबीचं आंबट केलं होतं, भात वाढला. बाबा मान खाली घालून जेवत होते. अर्धं ताट झाल्यावर ते थांबले आणि तिच्याकडे बघितलं.

"तू कोणाला दिलंस?" त्यांनी विचारलं.

आयने पळी पातेल्यात ठेवली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"तुम्हाला नाय," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. मग ताट थोडं पुढे सरकवून म्हणाले, "भात वाढ."